मुक्या माराची वही

मु. पो. दारव्हा, जि. यवतमाळ

चि. वैभव,
अनेक आशीर्वाद.

कबड्डीत डोक्यावर डोकं आपटलं की सगळे आधी रक्त पाहतात. रक्त नसलं की तोंडावर पाणी मारायचं, कांदा हुंगवायचा आणि पोट्टं पुन्हा चढाईला! मेंदूचा मुका मार सीटी स्कॅनमध्येही बहुधा दिसत नाही. स्कॅनला कळतो रक्तस्राव, कवटीची तडक. हिसक्याने ताणलेले मज्जातंतू त्यात दिसत नाहीत. म्हणून मार बसल्यावरच्या चाचण्या ताडून पाहायच्या त्या तुझ्याच आधीच्या आकड्यांशी, आणि ते आकडे सामने सुरू व्हायच्या आत वहीत हवेत.

मित्राला दहा सुटे शब्द तीनदा वाचायला लाव, दरवेळी किती आठवले ते लिही. पाच मिनिटांनी, न ऐकता, पुन्हा. पुढच्या वेळी यादी बदल, नाहीतर पाठच होते. मग डिसेंबरपासून महिने उलटे म्हण. फक्कीने तीन मीटर रेघ मारून टाचेला बोटं लावत जा, वळून ये, सेकंद मोज. चढाईत लाथ मारतोस त्याच्या उलट्या पायावर, डोळे मिटून 20 सेकंद उभा राहा. तोल किती वेळा गेला ते मांड.

मला आवडते ती पट्टी. मित्राने 30 सेंटीमीटरची पट्टी उभी धरायची, शून्य खाली, तुझी बोटं शून्यापाशी, न टेकता. न सांगता सोडली की पकड. 20 वर धरलीस तर 0.2 सेकंद गेले. दहादा कर, पहिल्या दोन सोडून दे. सरावानंतर दमलेला असताना नको. आणि मुद्दाम खराब खेळून आकडे पाडू नकोस. ही चलाखी पोरं करतात, पुढे मार लागला तरी आकड्यांवरून कळू नये म्हणून.

फसगत पुढे आहे. शब्दांची चाचणी पहिल्या तीन दिवसांतच खरी बोलते, नंतर आकडे जागेवर येतात. मग झोप, चिडचिड, वाचताना सुटणारी ओळ यांच्यावर लक्ष ठेव. वर्षानुवर्षांच्या मारामुळे होणारा सीटीई हा मेंदूचा आजार तर आजही खात्रीने शवविच्छेदनातच कळतो. 2002 मध्ये वारलेल्या माइक वेब्स्टर या अमेरिकन फुटबॉलपटूच्या मेंदूत शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. बेनेट ओमालूंना या आजाराची खूण असलेलं टाऊ प्रथिन साचलेलं सापडलं, तेही मृत्यूनंतर.

मार बसला तर त्या दिवशी खेळ बंद. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटका, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या तर थेट दवाखाना.

प्लास्टिकची पट्टी वाकते, लाकडी घे. पहिल्या पानाचा फोटो पाठव.

तुझे बाबा