फासे आले की जुगार आला, असं नाही

माननीय संपादक,
स. न.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांच्या खेळासाठी दुपारी दोन तास खोली मिळावी, म्हणून मी आमच्या भागातल्या एका वाचनालयाकडे अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. कारण तोंडी कळलं : खेळात फासे आहेत, पालक काय म्हणतील! एका सदस्यांनी तर महाभारतातल्या द्यूताचा दाखला दिला. त्याच वाचनालयाच्या बालविभागात सापशिडी आणि लुडो आहेत. म्हणून हे पत्र.

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो रचला आणि १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून तो बाजारात आला. तिथेही १९८० च्या दशकात त्याला सैतानी ठरवून बराच गदारोळ झाला होता. प्रत्यक्षात चार-पाच मुलं टेबलाभोवती बसतात. कुणी धनुर्धर होतं, कुणी वैदू. एकजण गोष्ट पुढे नेतो; आमच्याकडे ते काम माझं. 'वाटेत दरड कोसळली आहे, काय कराल?' एवढं मी विचारायचं, पुढचं मुलांनी ठरवायचं. जमेल की नाही अशी शंका असेल तिथेच फासा टाकायचा. पैसा कुठेच येत नाही. मुलं एकमेकांविरुद्ध खेळतही नाहीत. सुटली तर सगळी सुटतात, अडकली तर सगळी अडकतात.

मी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले. दहावीला संभाव्यता शिकवताना नाणं आणि फासा फळ्यावरच राहायचे. इथे त्या आकड्यांवर मुलांचा जीव टांगलेला असतो. परवाचंच सांगते. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आम्ही मांडले होते. गडाचा दरवाजा बंद, पहारेकरी अडून बसलेला. सातवीतली एक मुलगी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी, त्याला पटवायला उठली. तो पटायला एकूण पंधरा हवेत, तिच्या पात्राच्या कौशल्याचे तीन आधीच जमेस, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर बारा किंवा जास्त. शेजारच्या मुलाने बोटांवर मोजून सांगितलं, "नऊ बाजू चालतील. पंचेचाळीस टक्के." ती थांबली. पहारेकऱ्याचा मुलगा आजारी असल्याचं मी मागच्या खेपेला ओझरतं बोलले होते, ते तिच्या लक्षात होतं. "काका, आमच्यात वैदू आहे. तुमच्या बाळाला आधी बघू दे, मग दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा." एवढं नीट बोलल्यावर नियमाप्रमाणे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची मुभा मिळते. सत्तर टक्क्यांच्या जवळ गेली ती. पडले चार आणि अकरा. एकाने हुकलं! टेबलावर हळहळ झाली, पण रडारड नाही. दुसऱ्या क्षणाला सगळी मिळून चोरवाट शोधायला लागली. सत्तर टक्के म्हणजे खात्री नव्हे, हे फळ्यावर सांगून मला कधी इतकं पटवता आलं नव्हतं.

एक अट मात्र मोठ्यांनी पाळायलाच हवी. गोष्ट आपल्याला हवी तिकडे ओढायची नाही. मुलांनी भलताच मार्ग काढला तर काढू द्यायचा. कुणाला साप, अंधार किंवा पात्राचं मरण नको असेल, तर ते सुरुवातीलाच विचारून वगळायचं. लहान मुलं असतील तर तासाभरात थांबायचं.

खर्चाची भीती नको. मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो. तो इंग्रजीत आहे, पण खेळवणाऱ्या एकाने वाचला की भागतं. आमचा सगळा खेळ मराठीत चालतो, इंग्रजी माध्यमातली मुलंही तावातावाने मराठीतच वाद घालतात.

माझी विनंती सगळ्याच वाचनालयांच्या कार्यकारिणींना आहे. सुट्टीत दुपारी वाचनकक्ष बहुधा रिकामेच असतात. आठवड्यातून एक दुपार मुलांना द्या, आणि स्वतः एकदा शेजारी बसून बघा. तरीही फासे खटकलेच, तर त्यालाही तोड आहे. १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा या खेळाच्या पेटीत आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे दिले जात. आम्हीही डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या घालून खेळू. खोली तेवढी द्या.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, मिरज