त्या इंटर्न पोरीबद्दल

सोनू,

काल फोनवर वैतागून सांगत होतीस की शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजातनं आलेल्या त्या इंटर्न पोरीचा, गाय गाभण आहे का ते गुदद्वारातनं हात घालून तपासताना, हात थरथरतो आणि ती सारखी सॉरी सॉरी म्हणते. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस म्हणून लिहितोय. साडेचार वर्षं अभ्यास करून आलीय ती, तिला येत नाही असं नाही, तिला वाटतंय बाकी सगळ्यांना येतं आणि आपलंच पितळ उघडं पडणार. ह्याला इम्पोस्टर का काय म्हणतात, १९७८ साली अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी मांडलेलं, आणि तेही चांगल्या शिकल्यासवरलेल्या हुशार बायका बघूनच. नाव काही का असेना, गोठ्यात ते कसं वाढतं ते मी नोकरीभर बघितलंय.

मालक उभा, त्याचा चुलता उभा, आणि तू विचारणार "सापडलं का गं?" नाही कसं म्हणेल ती, हो म्हणून मोकळी होणार. आणि असा अंदाजानं दिलेला निकाल लई महागात पडतो, गाभण गाय मोकळी समजून माजावर आणायचं इंजेक्शन दिलं की गाय गाभडते. त्यापेक्षा "हाताला काय लागतंय" असं विचार. गाय कुंथायला लागली की हात ढकलायचा नाही, तसाच ठेवून थांबायचं, सैल पडली की खाली चाचपायचं, कोंबडीच्या मानेसारखं टणक लागलं की ते गर्भाशयाचं तोंड, तिथनं पुढं जायचं. हे सगळं तू मनातल्या मनात करतेस, ते तोंडानं बोल ना. आणि "सर गं, मी बघते" हे तर मालकासमोर अजिबात नको, पुढच्या खेपेला तो मोठ्या मॅडमच पाहिजेत म्हणून अडून बसतो (आपल्या आटपाडीकडची माणसं तुला माहीतच आहेत). काय चुकलं ते परतताना गाडीवर सांग.

मिल्क फीवरची केस आली, म्हणजे गाय व्यायल्यावर अंगातलं कॅल्शियम कमी पडून मान पोटाकडं वळवून बसलीय, तर पहिल्यांदा कॅल्शियमची बाटली तू धर आणि स्टेथोस्कोप तिच्या कानात दे. बाटली कोमट करून सावकाश सोडायची हे तिला पाठ असणारच, पण ठोके चुकायला लागले की थांबा म्हणायचा अधिकार तिचा, आणि ती म्हणाली की तू खरंच थांबायचं, चर्चा नंतर. पुढच्या केसला शीर तिला धरू दे. आणि तुला स्वतःला शंका असली तर तीही तिच्यासमोर बोल, मॅडमना पण सगळं एका झटक्यात कळत नाही हे तिला दिसू दे की.

नुसतं छान छान म्हणायची जी पद्धत आलीय ती मला पटत नाही, पोरांना ते खोटं कळतं. आधी दाब देऊन शीर फुगवलीस म्हणून एका टोच्यात मिळाली, असं नेमकं सांग.

आणि रविवारी तिला घेऊन इकडं ये. दोन्ही गाई बांधून ठेवतो, एक गाभण आहे एक मोकळी, कुठली ते मी सांगणार नाही आणि तूही विचारायचं नाही. घाई करणारं कोणी नाही, निवांत तपासू दे, तिचं सांगून झालं की मग रेतनाची वही काढतो. ऊन चढायच्या आत या, आणि हातमोजे तुमचे तुम्ही आणा, माझ्याकडचे संपलेत.

– बाबा