स्मशानभूमी बांधता, ती चालवणार कोण?

प्रति,
मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

आमच्या नगरपरिषदेच्या स्मशानभूमीला नवी शेड आहे, पेव्हर ब्लॉक आहेत, कमान आहे. रखवालदार मात्र नाही. बांधकामाला निधी येतो, बिलं निघतात, उद्घाटन होतं. पुढे ती जागा रोज चालवायची कुणी, याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

गेल्या पावसाळ्यात आळीतल्या एका आजींना आम्ही तिथे नेलं. दिवेलागणीची वेळ, पण खांबावरचा दिवा बंद. ठेकेदाराने टाकलेलं लाकूड उघड्यावर भिजलेलं, सालीतून पाणी निथळत होतं. सरण पेटेना. एका पोराला पंपावर डिझेल आणायला पिटाळलं, बाकीच्यांनी मोबाईलचे उजेड धरले. आजींचा मुलगा सारखा विचारत होता, "नीट होईल ना सगळं?" तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो, तर त्याच जाळीवर दुसरं सरण रचलेलं. आजींची राख कडेला लोटलेली. त्यातल्या अस्थी त्यांच्याच कशावरून, हे त्या मुलाला कोण सांगणार?

साहेब, हे काम नगरपरिषदेच्या मर्जीवर सोडलेलं नाही. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात मृतांच्या अंत्यविधीसाठी जागा राखणं हे बंधनकारक कर्तव्य आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतही दफनभूमी आणि दहनभूमी हा विषय नागरी संस्थांच्या यादीत आहे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने मृत्यूची खबर निबंधकाला देण्याची जबाबदारी अशा जागेच्या रखवालदारावर किंवा मालकावरही टाकली आहे. मालक नगरपरिषदच. तिथे माणूसच नेमला नाही, तर ती खबर द्यायची कुणी?

दफनाचे हाल तर वेगळेच. लिंगायत, मुस्लिम, ख्रिस्ती कुटुंबं, शिवाय तान्ह्या लेकरांना पुरणारी हिंदू घरं, या सगळ्यांना जागा लागते. विकास आराखड्यात आरक्षण दिसतं, जमीन ताब्यात येत नाही. मुंबईच्या पूर्व उपनगरांत दफनभूमीसाठी लोकांना उच्च न्यायालयात जावं लागलं. मुंबईला निदान कोर्ट जवळ आहे, तालुक्याच्या गावाने कुठे जायचं?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात स्मशानभूमी-दफनभूमीच्या देखभालीसाठी वेगळं लेखाशीर्ष असावं आणि त्यातला पैसा बांधकामाकडे वळवता येऊ नये. दोन पाळ्यांत पगारी माणूस असावा. लाकडाला छप्पर हवं. दहनाची वेळ आणि जाळीचा क्रमांक लिहिलेली पावती घरच्यांच्या हाती पडावी, आणि राख सावडेपर्यंत त्या जाळीवर दुसरं सरण रचू नये. लाकूड किती आलं, किती गेलं आणि दर काय, याचा फलक फाटकावर लावावा.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही, आपल्या विभागाचं एक परिपत्रक पुरेल. पुढचा पावसाळा लागायच्या आत ते काढावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक करदाता नागरिक