पालथा ट्रान्झिस्टर

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. वीस सर्किट बोर्ड बनून आले आणि एकाही बोर्डावर रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, उचलत नाही. बाळा, बोर्ड फेकू नकोस, ते वाचतील.

तू पाठवलेला फोटो पाहिला. रिले चालवणाऱ्या BC847 ट्रान्झिस्टरच्या SOT-23 मध्ये, म्हणजे तीन पायांच्या छोट्या पॅकेजमध्ये, 1 नंबरच्या पायाला बेस, 2 ला एमिटर आणि 3 ला कलेक्टर असतो. तू सर्किटच्या आकृतीसाठी जे सिम्बॉल उचललंस त्यात 1 ला एमिटर आणि 2 ला बेस आहे. सॉफ्टवेअरने ERC, DRC म्हणजे जोडण्यांची आणि लेआउटची तपासणी, सगळं बिनतक्रार पास केलं, कारण त्याला तू सांगितलेलंच खरं वाटतं. बेस-एमिटर जोडाला उलटे 6 व्होल्टपर्यंत सोसतात आणि तू 3.3 देत होतीस, म्हणजे बहुतेक ट्रान्झिस्टरही शाबूत असतील.

आता एक ट्रान्झिस्टर काढ आणि पालथा कर, पोट वर. कलेक्टर त्याच बाजूला राहतो, बेस आणि एमिटर मात्र आपोआप जागा बदलतात. पाय चिमट्याने हलकेच खाली वाकव, फार वाकवलेस तर मुळाशी तुटतील. आधी कलेक्टरचा पाय सोल्डर कर, तो धरून राहील. मग मल्टिमीटर डायोड टेस्टवर ठेवून लाल प्रोब बेसला लाव, काळा आळीपाळीने एमिटर आणि कलेक्टरला. 0.6-0.7 व्होल्ट दिसलं की बरोबर. एक बोर्ड चालला की मगच बाकीचे एकोणीस घे.

माझ्या पहिल्या नोकरीत मी हेच केलं होतं. पंपाच्या स्टार्टरच्या कार्डावर जागा वाचवायला 7805 हा 5 व्होल्ट देणारा रेग्युलेटर काढून छोटा 78L05 घातला. मोठ्याचा छापील भाग समोर धरला तर डावीकडे इनपुट असतो, छोट्याची सपाट बाजू समोर धरली तर डावीकडे आउटपुट. मी क्रम तोच ठेवला. सप्लाय दिला आणि करपट वास सुटला. खरं तर रेग्युलेटर फिरवून बसवला की काम झालं असतं, पण मी दोन दिवस कोणाला बोललोच नाही आणि तेवढ्यात आणखी कार्डं भरून झाली. त्या दोन दिवसांची आजही लाज वाटते. म्हणून सांगतो, तुझ्या साहेबांना आजच सांग. सोबत दुरुस्त केलेला बोर्ड ने.

पुढच्या वेळी डेटाशीटमधलं चित्र वरून काढलंय की खालून, ते आधी बघ. लेआउट कागदावर एकास एक छापून त्यावर खरा पार्ट ठेव. आणि शेजारच्याला डेटाशीट मोठ्याने वाचायला सांग, तू स्क्रीनवर बोट ठेवून पिन मोज. आपलीच चूक आपल्या डोळ्यांना सहसा दिसत नाही.

शनिवारी येशील तेव्हा दोन बोर्ड घेऊन ये. माझं बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न काढून ठेवलंय, भिंगही पुसलंय. आई थालीपीठ करणार आहे.

तुझे,
बाबा