चिंगदाओकरांनो, आभार!

पहिले आभार पिशवीतून बिअर विकणाऱ्या काकूंचे. चीनमधल्या तुमच्या या समुद्रकाठच्या शहरात ताजी बिअर वजनावर मिळते, ५०० ग्रॅमचा एक ‘जिन’. पिशवी बुडाशी दाबली की फेस थेट शर्टावर! गळा पिळून धरायची, स्ट्रॉ वरून खोचायची, हे सगळं काकू हातवाऱ्यांनीच समजावतात.

झानछ्याव धक्क्याजवळ ओहोटीला तिसऱ्या (शिंपल्या) उकरणारे आजोबा पर्यटकांना शेवाळलेल्या खडकांवरून बाजूला घेतात, भरती लागायच्या आत वर पिटाळतात. ते नसते तर कितीजण घसरले असते! तिसऱ्या मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवून वाळू काढायची, मगच सुक्या लाल मिरच्यांवर परतायच्या, हे खानावळवाल्या ताईंचं सांगणं.

आणि उन्हाळ्यात किनाऱ्यावर येणारं हिरवं शेवाळ उपसणाऱ्या कामगारांनो, तुमच्यामुळेच पोहता येतं.