शेडच्या कागदांतच पंचवीस वर्षांचं वीजबिल असतं

पुणे, रविवार

चि. सायली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चाकणच्या नव्या शेडचं काम तुझ्याकडे आलं आणि सोबत 'हा प्रोजेक्ट सस्टेनेबल झाला पाहिजे' अशी एका ओळीची सूचनाही आली. ती ओळ नेमकी कुठे उतरवायची, हे तू फोनवर विचारलंस. फोनवर आकडे नीट सांगता येत नाहीत, म्हणून लिहिते आहे.

वरून आग्रह का वाढलाय ते आधी लक्षात घे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 2021 मध्ये बी.आर.एस.आर. म्हणजे कंपनीच्या जबाबदारीच्या आणि सस्टेनेबिलिटीच्या अहवालाचा नमुना आणला आणि 2022-23 पासून शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या 1000 कंपन्यांना तो बंधनकारक केला. त्यात वीज, पाणी, कचरा, कर्बवायू यांचे आकडे द्यावे लागतात. मोठ्या कंपन्या आता तेच आकडे त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांकडेही मागू लागल्या आहेत. पण अहवाल लिहिणारा विभाग फक्त मोजू शकतो. जे मोजलं जाणार ते ठरतं तुझ्या बी.ओ.क्यू.त (कामाच्या आणि मालाच्या परिमाणांच्या यादीत), कम्पॅरेटिव्हमध्ये (पुरवठादारांच्या दरांच्या तुलनेच्या तक्त्यात), वेळापत्रकात आणि हँडओव्हरच्या फाइलमध्ये. तू प्रोजेक्ट संपवून पुढच्या कामाला जाशील. तू बसवलेली पाइपलाइन मात्र वीस-पंचवीस वर्षं तिथेच चालणार आहे. म्हणून मला हे काम पर्यावरण विभागापेक्षा प्रोजेक्ट मॅनेजरचं जास्त वाटतं.

पहिली गोष्ट छपराची, कारण तिला मुहूर्त एकदाच मिळतो. सौर पॅनल आणि त्यांची चौकट मिळून छपरावर दर चौरस मीटरला साधारण 15 किलो वजन येतं. शेडच्या डिझायनरला ते आज सांगितलं तर पोलाद थोडं वाढतं. शेड उभी राहिल्यावर सांगितलं तर पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) मजबूत करायला खाली चालू असलेलं उत्पादन थांबवावं लागतं, आणि मग सोलरचा विषय कायमचा फाइलमध्ये जातो. पॅनल दोन वर्षांनी बसणार असले तरी भार आजच धरायचा. 5,000 चौ.मी. छपरापैकी 3,000 चौ.मी. मोकळं मिळालं तर 1 किलोवॅटला 10 चौ.मी. या हिशेबाने 300 किलोवॅट बसतात. आपल्याकडे 1 किलोवॅटमागे वर्षाला 1,400 युनिट धरले तर 4,20,000 युनिट होतात. सोबत तीन गोष्टी ड्रॉइंगवर घे: छपरावर चालायची फळी, पॅनल धुवायला पाण्याचा नळ, आणि पत्र्याला भोक न पाडता शिवणीला पकडणारे क्लँप. भोकं पाडली की दुसऱ्या पावसाळ्यात गळती लागते, आणि मेंटेनन्सवाले पॅनललाच दोष देऊन ते काढायला निघतात.

आता फरशीचं काँक्रीट. 5,000 चौ.मी. आणि 200 मि.मी. जाडी म्हणजे 1,000 घनमीटर. घनमीटरला 350 किलो सिमेंट धरलं तर 350 टन. ओ.पी.सी. म्हणजे साध्या सिमेंटऐवजी 30 टक्के फ्लाय अ‍ॅश (औष्णिक वीज केंद्रातली राख) मिसळलेलं पी.पी.सी. वापरलं तर ढोबळमानाने 90 टन कार्बन डायऑक्साइड वाचतो, तोही जास्तीचे पैसे न देता. तरी साइटवर त्याला विरोध होतो, आणि त्या विरोधात तथ्य आहे. पी.पी.सी.ला ताकद हळूहळू येते. काँक्रीटचं भारतीय मानक आय.एस. 456 प्रमाणे ओ.पी.सी.ला किमान 7 दिवस पाणी मारायचं, तर मिश्र सिमेंटला 10 दिवस, आणि कोरड्या उन्हाळी हवेत 14 दिवसांची शिफारस आहे. तुझ्या बार चार्टमध्ये, म्हणजे वेळापत्रकात, सात दिवसच धरलेले असतील तर साइट इंजिनिअर आठव्या दिवशी पाणी बंद करून मशीनचे पाये खोदायला घेणार. मग फरशीला बारीक भेगा पडतात, वर धूळ सुटते, आणि 'पी.पी.सी. वाईट' असं सगळीकडे पसरतं. वाईट असतो तो बार चार्ट. फरशीचे भाग पाडून क्रम असा लाव, की एक भाग ओल्या गोणपाटाखाली असताना दुसऱ्यावर काम चालेल. भेगा आवरण्यासाठी फरशीत जॉइंट कापतात, त्याची वेळही पुढेमागे होते. ती आधी छोट्या तुकड्यावर करून बघायला सांग.

सगळ्यात जास्त वेळ मात्र दाबाच्या हवेला दे. कारखान्यात काँप्रेसरइतकी गपचूप वीज खाणारं दुसरं काही नसतं, आणि त्यातलं निम्मं नुकसान प्रोजेक्टच्या दिवसांत पेरलेलं असतं. 7 बार दाबाच्या लाइनला 3 मि.मी.चं एक भोक असेल तर साधारण 3 किलोवॅट वाया जातात. वर्षाला 6,000 तास धरले तर 18,000 युनिट आणि युनिटला 9 रुपयांनी 1,62,000 रुपये. हे एका भोकाचं. आवाज मशीनच्या घरघरीत बुडून जातो म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही.

पाइपचा व्यास इथेच ठरतो. कंत्राटदार एक साइज खाली उतरवून पैसे वाचवतो, दूरच्या मशीनला दाब कमी पडतो, आणि ऑपरेटर काँप्रेसरचं सेटिंग वाढवायला लावतो. दाब 1 बार वाढवला की वीज 6 ते 7 टक्के वाढते. तेव्हा स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट लिही: मुख्य लाइन रिंगमध्ये (बंद वर्तुळासारखी), हवेचा वेग सेकंदाला 6 मीटरच्या आत, आणि रिसीव्हरपासून (हवा साठवायच्या टाकीपासून) मुख्य लाइनच्या शेवटच्या टोकापर्यंत दाबाची घट 0.3 बारपेक्षा जास्त नको. काँप्रेसर रूमचं ड्रॉइंग स्वतः बघ. मशीनमधून निघालेली गरम हवा डक्टने बाहेर गेली पाहिजे. ती खोलीतच फिरून पुन्हा आत ओढली गेली तर आत येणारी हवा 4 अंशांनी तापली की वीज सुमारे 1 टक्का वाढते, आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये हे चार अंशांवर थांबत नाही.

कमिशनिंगच्या वेळी, म्हणजे यंत्रणा पहिल्यांदा चालू करून तपासताना, लीकेजची चाचणी कराराचा भाग कर. पद्धत सोपी आहे. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून फक्त काँप्रेसर चालू करायचा. तो किती वेळ लोडवर (हवा भरत) जातो आणि किती वेळ अनलोडवर (नुसता फिरत), हे स्टॉपवॉचने दहा फेऱ्या मोजायचं. लोडची वेळ भागिले दोन्ही वेळांची बेरीज, गुणिले शंभर. 2 मिनिटं लोड आणि 8 मिनिटं अनलोड असेल तर गळती 20 टक्के. नीट राखलेल्या कारखान्यात ती 10 टक्क्यांच्या आत असते. नव्या लाइनला तू 5 टक्क्यांची अट घाल, आणि ती पास होईपर्यंत रिटेन्शनचे (कंत्राटदाराच्या बिलातून राखून ठेवलेले) पैसे सोडू नकोस. पैसे सुटले की फोन उचलला जात नाही.

खरेदी विभागाशी तुझी खरी खडाजंगी कम्पॅरेटिव्ह शीटवर होईल. तिथे 'एल-वन' म्हणजे सगळ्यात कमी किंमत. त्यांचं चुकत नाही, शीटमध्ये दुसरा रकानाच नसतो. तो तू घाल: दहा वर्षांची वीज. 15 किलोवॅटची, चार पोलची मोटार घे. आय.ई. म्हणजे मोटारीच्या कार्यक्षमतेची श्रेणी: आय.ई.2ची कार्यक्षमता 90.6 टक्के, आय.ई.3ची 92.1. पूर्ण भारावर वर्षाला 6,000 तास चालली तर फरक सुमारे 1,600 युनिटचा, म्हणजे साडेचौदा हजार रुपये दरवर्षी. आणि ती मोटार वर्षाला वीज खाते ती जवळपास पावणेनऊ लाखांची. हा आकडा शीटवर आला की खरेदीवाला स्वतःच महाग मोटार निवडतो, वाद घालावा लागत नाही. मात्र तास खरे लिही. आठवड्यातून दोनदा चालणाऱ्या पंपाला हाच हिशेब लावलास तर पुढच्या वेळी तुझ्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

अर्धं काम झाल्यावर खर्च वाढलेला असतो आणि बैठक बसते. त्या बैठकीत पहिली कुऱ्हाड सबमीटरवर (प्रत्येक यंत्रणेच्या वेगळ्या वीजमीटरवर) पडते, मग रंगीत पाइपांवर, मग विजेच्या पॅनलमधल्या मोकळ्या जागेवर. त्या दिवशी भाषण उपयोगी पडत नाही. बदलाच्या फॉर्ममध्ये 'किंमत' आणि 'दिवस' यांच्या शेजारी 'दहा वर्षांत किती युनिट, किती लिटर' हा तिसरा रकाना तू पहिल्या आठवड्यातच मंजूर करून घेतलेला असला, तर कुठलीही कात्री सहीशिवाय चालत नाही. सही करणाऱ्याला आकडा दिसतो, आणि बऱ्याचदा तो पेन खाली ठेवतो. सबमीटरच्या बाबतीत मागे हटू नकोस. विजेच्या पॅनलची ऑर्डर देतानाच ते हवेत: काँप्रेसर, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), भट्टी, लाइटिंग, कँटीन, प्रत्येकाला वेगळा. नंतर बसवायचे तर शटडाउन लागतो आणि तो कधी मिळत नाही. मग पाच वर्षं एकाच मुख्य मीटरकडे बघून सगळे अंदाज बांधत बसतात.

ए.सी.चा गॅस बहुतेक जण विसरतात. आर-410ए या गॅसचे 10 किलो गळले तर ते साधारण 21 टन कार्बन डायऑक्साइडएवढं होतं. आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे सुमारे 0.7 किलो सोडते, म्हणजे ही गळती 30,000 युनिट जाळल्यासारखी. आर-32 हा गॅस असेल तर त्याच वजनाला एक तृतीयांश. जोडण्या झाल्यावर नायट्रोजनचा दाब 24 तास धरून बघ, आकडा वहीत लिहून घे, आणि गॅस किती किलो भरला ते प्रत्येक मशीनच्या नावाने नोंदव. ती नोंद पुढे अहवालातही लागते.

सांडपाण्याच्या प्लांटबद्दल थोडक्यात. 400 माणसांसाठी माणशी रोज 45 लिटरने 18,000 लिटरचा एस.टी.पी. (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) काढला, आणि पहिल्या वर्षी कामावर 120 माणसंच आहेत, असं नेहमी होतं. 5,400 लिटरवर त्यातले जिवाणू उपाशी राहतात, वास सुटतो, कुणीतरी बायपासचा व्हॉल्व्ह उघडतं आणि बागेला टँकर सुरू होतो. म्हणून अर्ध्या क्षमतेचे दोन भाग घे. एक चालव, दुसरा माणसं वाढल्यावर सुरू कर.

हँडओव्हर म्हणजे किल्ल्या आणि ड्रॉइंगचा गठ्ठा एवढंच धरू नकोस. ज्या माणसाच्या ताब्यात युटिलिटी (वीज, हवा, पाणी) जाणार आहे त्याला कमिशनिंगच्या दोन महिने आधी बोलावून घे. त्याच्यासमोर चाचण्या होऊ देत, सह्या त्याच्या घे. त्याने बघितलेलं मशीन तो सांभाळतो. आणि प्रोजेक्ट बंद झाल्यावर बारा महिन्यांनी एक दिवस मोजणीसाठी आजच राखून ठेव, बजेटसकट: सबमीटरचे आकडे, लीकेजची चाचणी पुन्हा, एस.टी.पी.चं पाणी पुन्हा. तू ठरवलेले आकडे आणि प्रत्यक्ष आलेले आकडे शेजारी शेजारी लिहून पुढच्या शेडच्या प्रोजेक्ट मॅनेजरला दे. जिथे चुकलं तेही लिही.

एवढं सगळं एकदम अंगावर घेऊ नकोस. टेंडर 20 तारखेला निघतंय म्हणालीस, त्याआधी दोनच गोष्टी कर: छपराच्या 15 किलोंबद्दल डिझायनरकडून लेखी उत्तर घे, आणि कम्पॅरेटिव्ह शीटमध्ये विजेचा रकाना घालून घे. शीटचा मसुदा झाला की मला पाठव, तास आणि दर मी तपासून देते. साइटवर ऊन फार आहे, टोपी घालत जा आणि पाण्याची बाटली विसरू नकोस.

तुझी,
आई