तुझ्या डोळ्यांचा तुझ्यावर हक्क आहे

कौसा, मुंब्रा
रविवार, असरच्या नमाजनंतर

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम.

परवा फोनवर तू म्हणालास, "अब्बा, लोकांचे बाप पोरं नमाजला उठत नाहीत म्हणून ओरडतात, तुम्ही मी उठतो म्हणून ओरडता." आणि फोन ठेवलास. अम्मीने मला काही विचारलं नाही, म्हणजे तिला सगळं ऐकू गेलं होतं. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलो. झोपेबद्दल आज काही बोलायचं नाही, असं ठरवलंय.

आधी हे ऐक. रमजान संपला की मशिदीतल्या सफा, नमाजच्या रांगा, रोडावतात, हे मी लहानपणापासून बघत आलोय. तू मात्र सोडलं नाहीस. ईदनंतर शव्वाल महिन्याचे सहा रोजे केलेस, मग सोमवार-गुरुवार धरलेस, आता ताई म्हणते रोजच. रात्री दोनला तहज्जुदच्या जादा नमाजला उठतोस, पहाटेच्या फजरपर्यंत कुराणाची तिलावत, मग आंघोळ करून ऑफिस. तुझ्या दादीला हे दिसलं असतं तर तिने गावातल्या घराघरांत जाऊन सांगितलं असतं. मीही सांगतो. मशिदीबाहेर चप्पल घालताना कोणी तुझी चौकशी केली, की माझ्या तोंडून ते आपोआप निघतं.

पण हिंजवडीच्या सिग्नलला बाइकवर तुझा डोळा लागला, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारला तेव्हा जाग आली, हेही ताईनेच सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. मधल्या मामाच्या वेळी कोणी आधी काही सांगितलं नव्हतं.

बघ, आलाच विषय. आता येऊ दे.

मी एसटी चालवण्यात जन्म घालवला. ठाण्याच्या खोपट डेपोतून रातराणी काढायची, पनवेल, महाड, पोलादपूर करत कोकणात उतरवायची. कशेडी घाटात काय होतं सांगतो. झोप येते तेव्हा माणसाला ती आल्याचं कळत नाही, त्याला वाटतं आपण टक्क जागे आहोत. चहा, तोंडावर पाणी, कंडक्टरशी गप्पा, सगळं करून बघितलंय. झोपेला झोपेशिवाय औषध नाही. म्हणून मी दुपारी डेपोच्या विश्रांतीगृहात पाठ टेकायचोच, कोणी पत्त्यांना बोलावलं तरी. आणि नमाज? संध्याकाळची मगरिब, रात्रीची इशा खोपटला, फजर जिथे गाडी थांबेल तिथे, स्टँडच्या नळावर वजू करून, हात-तोंड-पाय धुऊन. दिवसाच्या फेरीला नमाजच्या चार रकातींच्या, म्हणजे टप्प्यांच्या, दोनच रकाती, दुपारच्या जोहर-असर एकत्र. आपल्या शाफई मजहबात, पंथात, प्रवाशाला ती मुभा आहे. सुरुवातीला मला ते कमीपणाचं वाटायचं. मग मौलवीसाहेबांनी सांगितलं, की प्रवासातली ही सूट म्हणजे अल्लाहने दिलेला सदका, दान, आहे, तो कबूल करा, असं खुद्द पैगंबरांनी (स.) म्हटलंय. तेव्हापासून मन शांत झालं.

तू म्हणालास की मी तुला इबादतीपासून अडवतोय. मग पैगंबरांचे (स.) साथी हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांचं ऐक. तुझ्यासारखाच जवान. रोज रोजा, रात्रभर उभा. आणि पैगंबरांकडे (स.) तक्रार घेऊन कोण गेलं? त्यांचे वडील, हजरत अम्र (र.). बायकोकडेही लक्ष देत नाही म्हणून. बापाची ही तक्रार त्या काळीही होती! पैगंबरांनी (स.) अब्दुल्लाहना विचारलं, ऐकलं ते खरं का? ते म्हणाले, हो. तेव्हा त्यांना सांगितलं, असं करू नकोस. रोजा धर आणि सोडतही जा. नमाजला उभा राहा आणि झोपतही जा. तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या डोळ्यांचा हक्क आहे, बायकोचा आहे, पाहुण्याचा आहे.

डोळ्यांचा हक्क, बेटा. मी माझ्या मनाचं बोलत नाहीये.

महिन्यात तीन रोजे पुरे, असं त्यांना सांगितलं होतं. ते म्हणत राहिले, मला जास्त झेपतं. शेवटी हजरत दाऊद (अ.) यांचा रोजा दिला, एक दिवस धरायचा, एक दिवस सोडायचा, त्याच्यावर श्रेष्ठ काही नाही म्हणून. आणि म्हातारपणी हेच अब्दुल्लाह म्हणायचे, पैगंबरांनी (स.) दिलेली सवलत तेव्हा घेतली असती तर बरं झालं असतं. अंगात ताकद उरली नव्हती आणि धरलेलं सोडवत नव्हतं. त्यांनाच आणखी एक ताकीद होती, अमक्यासारखा होऊ नकोस, तो रात्री उठायचा आणि मग उठणं सोडून दिलं. मला या दोन्हींची भीती वाटते. तू एक दिवस थकून सगळंच टाकून देशील याची, आणि त्याआधी त्या बाइकची.

भाषण झालं. माफ कर. ड्रायव्हरला समोर रस्ता नसला की तो बोलत सुटतो, असं अम्मी म्हणते.

अम्मी आता खुर्चीवर नमाज पढते. गुडघा सजद्याला वाकत नाही. पहिल्या दिवशी ती रडली. मी तिला म्हटलं, माणूस आजारी पडला किंवा प्रवासात असला, तर तंदुरुस्त आणि घरी असताना तो जे करायचा तेवढं त्याच्या नावे लिहिलं जातं, असं हदीसमध्ये, पैगंबरांच्या (स.) वचनांत, आहे. तिचं रोजचं इतक्या वर्षांचं आहे, तिला काय कमी पडणार? थोडं असलं तरी कायम चालणारं काम अल्लाहला सगळ्यात प्रिय, असं पैगंबरांच्या (स.) पत्नी हजरत आयशा (र.) सांगतात, ते मी अम्मीकडे बघून समजलो.

तू एवढं करून बघ. इशा झाली की मोबाइल बाजूला. इशानंतरच्या गप्पा पैगंबरांना (स.) आवडत नसत. वित्र, रात्रीची शेवटची नमाज, झोपण्याआधी पढून घे. हजरत अबू हुरैरांना (र.) त्यांनी तेच सांगितलं होतं, शिवाय महिन्याचे तीन रोजे आणि सकाळच्या चाश्त नमाजच्या दोन रकाती. वजू करून उजव्या कुशीवर झोप. फजरच्या आधीच्या दोन सुन्नत रकाती सोडू नकोस, त्या दुनियेपेक्षा आणि दुनियेत जे आहे त्यापेक्षा मोलाच्या आहेत. तहज्जुदला आपोआप जाग आली तर उठ, नाही आली तर फजर तुझी वाट बघतेच आहे.

आणि झोपताना तस्बीह. हजरत फातिमांच्या (र.) हाताला जातं ओढून घट्टे पडले होते, त्या मदतीला माणूस मागायला गेल्या, तर वडिलांनी, म्हणजे पैगंबरांनी (स.), त्यांना आणि त्यांचे पती हजरत अलींना (र.) त्याहून चांगलं काही दिलं: 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर. तुझ्या दादीच्या हातालाही तसेच घट्टे होते. तांदूळ दळून झाले की पडवीत बसून बोटांच्या पेरांवर मोजायची. बोटं जाड, पेरं दिसायची नाहीत, तरी हिशोब चुकायचा नाही. मी शेजारी झोपायचो आणि 34 पूर्ण झालेलं मी कधी ऐकलं नाही, त्याआधीच मला झोप लागायची. नंतर मी तेच स्टीअरिंगवर मोजलं, पण गाडी डेपोत लावल्यावर.

तुझ्या रूममेटने फजरमध्ये आपण पढतो त्या कुनूतच्या दुआबद्दल विचारलं होतं ना, त्याला काय सांगितलंस? तिकडची मशीद हनफी मजहबाची आहे, असर उशिरा होते, म्हणून घरी एकटा पढू नकोस. जमातीत जा.

जेवतोस का, ते विचारायचं राहिलं. विचारतोय.

शनिवारी येताना बाइक आणू नकोस. बायपासवर रात्रभर ट्रक चालतात. ट्रेनने ये, कल्याणला उतर, तिथून धीमी लोकल पकड. ट्रेनमध्ये झोपलास तरी चालेल. सोमवारचा रोजा इथूनच धरणार असशील तर रविवारी अम्मीला सांग, ती पहाटे सहरीला तांदळाची भाकरी करेल. मीही धरेन तुझ्याबरोबर.

पोचल्यावर नको, निघतानाच फोन कर.

तुझे अब्बा